हेअरकट

मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सातला,
त्रिपोलीच्या बंदरामागे, बेकरीच्या माळ्यावर
आमचा इंग्रजीचा वर्ग भरतो.
खालून भाजक्या तिळाचा वास येत राहतो.
वीज जाते तेव्हा मिस रिंदाला मोबाइलचा उजेड फळ्यावर धरते,
आणि तिच्या हाताची सावली शब्दांवरून फिरते.

धडा अकरावा : बँक आणि अर्थव्यवस्था.
"बँक म्हणजे नदीचा काठसुद्धा," ती सांगते.
झाहेर मागच्या बाकावरून विचारतो,
"मग बुडणारे नेमके कुठे उभे असतात?"
त्याचा हॅम्बुर्गचा व्हिसा दोनदा नाकारलाय.
त्याच्या बोलण्याला कोणी हसत नाही.

इंटरेस्ट म्हणजे व्याज, इंटरेस्ट म्हणजे गोडी.
आमच्या अरबीत व्याजाला फायदा म्हणतात.
मी वहीत दोन्ही शब्द समोरासमोर लिहिले
आणि मधली रेघच गिरवत बसलो.

अकाउंट सोपा. अकाउंट म्हणजे हिसाब.
पासबुकातला हिसाब,
शेवटच्या दिवशी देव मागेल तोही हिसाब.
विदादबाई म्हणाल्या,
"तिथली खिडकी निदान उघडी असेल."

लिक्विडिटी हराईरच्या जिभेवर चढेना.
सत्तरीचा माणूस, घड्याळं दुरुस्त करतो.
"पाणी म्हणा ना सरळ," तो वैतागला,
"आटलं म्हणा."

मग तिनं लिहिलं : हेअरकट.

मी ताठ बसलो.
एकोणचाळीस वर्षं हा शब्द माझ्या दुकानाच्या काचेवर आहे,
रंगाऱ्यानं एक अक्षर खाल्लंय, तरी गिऱ्हाईक वाट चुकलेलं नाही.
पोरासारखा हात वर केला. "हा मला येतो!"

मिस रिंदाला खडू बोटांत फिरवत राहिली.
मग हळूच म्हणाली, "मुअल्लिम नखले, याचा दुसराही अर्थ आहे.
बँक तुमच्या ठेवीतला भाग कापून ठेवते,
परत देत नाही. त्यालाही हेअरकटच म्हणतात."
"किती कापते?"
"ते तिच्या मर्जीवर."
"गिऱ्हाइकाला न विचारता?"
"न विचारता."
"मागून आरसाही न दाखवता?"

माझे एकतीस हजार डॉलर होते तिथं.
एकतीस हजार म्हणजे किती डोकी, ते एकदा मोजायला घेतलं होतं :
लग्नाच्या सकाळी घाम पुसणारे नवरदेव,
पहिल्यांदा खुर्चीत बसून भोकाड पसरणारी पोरं.
तीन मृतांचीही दाढी केली होती, घरी जाऊन.
त्यांचे पैसे घेतले नव्हते, ती या हिशेबात नाहीत.

"वाक्यात उपयोग करा," मिस म्हणाली.
मी एकेक इंग्रजी शब्द चिमट्यानं उचलल्यासारखा ठेवला :
मी कापलेले केस पुन्हा उगवतात.
"व्याकरण बरोबर आहे," ती म्हणाली,
आणि फळा तसाच राहू दिला.

गुरुवारी मिलहेमसाहेब आले.
त्यांच्या शाखेला आता पोलादी पत्रे ठोकलेत,
पण मॅनेजरचे केस काही वाढायचे थांबत नाहीत.
डोळे मिटून म्हणाले, "थोडेच. फक्त बाजूचे."
मी वस्तरा चामड्यावर ओढला,
लागतो त्याहून जरा जास्त वेळ.
फेसाखाली त्यांची घाटी वर गेली, खाली आली.
"इंग्रजी शिकताय म्हणे?"
"शिकतोय."
"कुठवर आलात?"
"अकराव्या धड्यावर."
पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

बाजूचे म्हणाले, बाजूचेच कापले.
मागून आरसा धरला,
डावीकडून, उजवीकडून,
त्यांनी मान डोलवली तरी धरूनच ठेवला.

त्यांनी मोठी नोट दिली.
सुट्टे नव्हते; शेजारच्या मासेवाल्याकडून आणले.
बॅलन्स म्हणजे बाकी, हाही त्याच धड्यातला शब्द.
ती मोजून त्यांच्या तळहातावर ठेवली,
शेवटच्या चुरगळलेल्या लिऱ्यापर्यंत.

मग केर काढला.
राखाडी केस, मूठभर.